कढीपत्त्याला घातलेल्या गोळ्या

गल्लीत बातमी होती की प्रभावती मगदूम रक्तवाढीच्या गोळ्या खात नाही, मोरीजवळच्या कढीपत्त्याला घालते. झाड बघा, कसं काळंभोर झालंय. आणि बाई बघा, पांढरीफटक! बातमी चवदार, म्हणून लेक रूपालीच्या बारशापासून तिच्या लग्नापर्यंत टिकली. फक्त खोटी होती. झाड मोरीच्या पाण्यावर माजलं होतं. गोळ्या प्रभावतीच गिळायची, एकूणएक. आणि मग पोट धरून बसायची.

पण तिचं ऐकणार कोण? तिच्याविरुद्धचा पुरावा घरातच हिंडत होता, थोरली जाऊ विजयमाला. दोघींना दवाखान्यातली तीच गोळी, तोच गूळ-शेंगदाणा, लोखंडी कढईतली तीच मेथी. विजयमालाचे गाल टोमॅटोसारखे झाले. प्रभावतीचं रक्त जागचं हलेना. सासू सुंदराबाईनं निकाल लावून टाकला, धाकटी चोरटी हाय. तेव्हापासून दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, की म्हातारी पाट ओढून समोर बसायची.

“गिळलीस?”

“व्हय, आत्याबाई.”

“तोंड उघड. जीभ वर कर.”

बाजारात घोड्याचे दात बघतात तसं. दारात आलेल्या शेजारणी पदर तोंडाला लावून खिदळायच्या. प्रभावती थकवा सोसायची, पोटातली कळ सोसायची. खोटारडी म्हटलेलं तेवढं सोसायचं नाही. सासूनं एकदा, एकदाच म्हणावं, माझी सून खरं बोलते. एवढीच तिची हाव.

गेल्या वर्षी कराडला दिलेल्या रूपालीला दिवस गेले. तिचंही रक्त गोळ्यांनी वाढेना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी केली आणि आईलाही बोलावून घेतलं.

“मावशी, हे तुमच्याकडून लेकीत आलंय. थॅलेसेमिया मायनर. जन्मापासूनच तुमच्या तांबड्या पेशी बारीक. अंगात लोह कमी नव्हतंच, मग गोळ्या काय वाढवणार? जावयांना हे नाही, तेव्हा बाळाची काळजी नको.”

“म्हंजे गोळ्या गिळूनबी रक्त वाढणार नव्हतं?”

“नाही.”

“एवढं आमच्या आत्याबाईस्नी फोनवर सांगशीला?”

डॉक्टरीणबाई हसल्या. प्रभावती हसली नाही.

सांगलीपर्यंतच्या एसटीत ती एकच वाक्य मनाशी घोळवत होती. घरी आल्या आल्या, चप्पल काढून, थेट सासूच्या खाटेशी बसली. सुंदराबाई आताशा अंथरुणावरच होती. माणसांची नावं विसरली होती, पोटच्या पोराला वडील समजत होती.

“आत्याबाई, मी गोळ्या टाकत नव्हते. माझं रक्तच तसलं हाय. डॉक्टरांनी सांगितलं.”

म्हातारीनं भिंतीकडे नजर वळवली. भिंतीवरचं ऊन उतरत होतं. ते बघून तिला काहीतरी आठवलं.

“गिळलीस?” ती म्हणाली. “तोंड उघड.”

प्रभावतीनं तोंड उघडलं. जीभ वर केली.

महिना उलटायच्या आत सुंदराबाई गेली. भेटायला आलेल्या बायकांची आधी रड झाली, मग चहा झाला, आणि मग एकीला राहवेना. “सुटलीस गं प्रभावती! आता पहारा न्हाई. आता तरी खरं सांग, झाडालाच घालत हुतीस न्हवं?”

प्रभावतीनं कपबश्या गोळा केल्या आणि म्हणाली, “जिला खरं सांगायचं हुतं ती गेली. तुमी झाडालाच इचारा.”