निघून गेलेला डाग

तिच्या हातून एकही डाग सुटत नाही, असं शेजारणी म्हणायच्या. तिलाही त्याचा अभिमान होता. त्या अभिमानानंच घात केला.

तिचा नवरा तेलाच्या गोदामात पिंपं हलवायचा. एका पिंपाला गळती लागली होती. सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं, पण मालकानं कानाडोळा केला. शेवटी त्या सांडलेल्या तेलावरून तोच घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. इस्पितळातल्या नर्सनं त्याचे कपडे आणि चपला पिशवीत घालून तिच्या हाती दिले. घरी आल्यावर तिला काही सुचेना. हाताला चाळा हवा म्हणून तिनं ते कपडे गरम पाण्यात सोडा घालून भिजवले आणि ब्रशनं घासघासून तेलाचा मागमूस ठेवला नाही. चपला तर फेकूनच दिल्या.

मालकानं हात झटकले. फरशी कोरडी होती, यालाच चक्कर आली असेल, असं तो म्हणाला. भरपाईचा दावा लावायचं ठरलं, तेव्हा वकीलबाईंनी सगळ्यात आधी कपडे आणि चपला मागितल्या. ती म्हणाली, "धुतले."

नवरा रागावला नाही. "तुला तरी काय माहीत," एवढंच म्हणून त्यानं भिंतीकडे मान वळवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

गोदामाच्या रखवालदारानं सगळं पाहिलं होतं. ती त्याच्या घरी गेली. त्यानं आपुलकीनं चौकशी केली, चहा पाजला, आणि मग म्हणाला, "वहिनी, दादांसाठी जीव देईन, पण साक्ष तेवढी मागू नका." नोकरी जाण्याच्या भीतीनं तो बांधला गेला होता.

राहता राहिल्या खालच्या मजल्यावरच्या मावशी. कपडे धुतले त्या दिवशी तेलकट पाणी तुंबून त्यांच्या मोरीत वर आलं होतं. त्या तणतणत वर आल्या, तेव्हा हिचाही तोल गेला. "तुम्हाला नवरा नाही, तुम्हाला काय कळणार?" असं ती बोलून गेली होती. तेव्हापासून अबोला. वकीलबाईंनी तगादा लावला तरी तिचे पाय जिन्यातच अडखळायचे. शेवटी मन घट्ट करून तिनं दार वाजवलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "तेल होतंच. माझाही पाय सटकला होता. सांगेन मी," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "पण तू बोललीस ते मी विसरलेले नाही."

"मीही नाही, मावशी."

मावशींनी कोर्टात सरळ साक्ष दिली. मालकाच्या वकिलानं मोरीतलं ते तेल घरच्या स्वयंपाकाचं कशावरून नाही, असं विचारून घोळ घातला. भरपाई मिळाली, पण मागितली त्याहून बरीच कमी. नवरा आता काठी टेकत चालतो. मावशी जिन्यात भेटल्या की त्याची तब्येत विचारतात, तिच्याशीही दोन शब्द बोलतात. पण घरात या म्हटलं, तर काहीतरी काम सांगून खाली उतरतात.