चाचांचं माइक टेस्टिंग

माइकवाले चाचा माइकवर कधी ‘हॅलो, वन, टू, थ्री’ म्हणत नसत. टेम्पोत कर्णे घालून ते नंदुरबारहून गावोगावच्या सभांना जात, वायरी जोडत आणि गर्दीतल्या एखाद्याला थेट काहीतरी विचारत. रनाळ्याला त्यांनी अगदी मागे बसलेल्या काशीबाईंना गाठलं. “काशीबाई, नातू चालाले लागना का?”

“लागना ना! आते धरता धरता मन्हा जीव जास!”

बायका हसल्या. चाचा मला म्हणाले, “माइक काय जवाब देस? मानूसले इचारनं पडस.”

मी मान हलवली. तेव्हा मी बहुतेक गोष्टींना मान हलवत असे. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी पुस्तकी, अहिराणी नुसती कानातली, आणि नोकरी मात्र गावठी कोंबड्यांना मानमोडीची लस टोचून घ्यायला बायकांना तयार करण्याची. इथल्याच आधीच्या दोन सभांना एकही कोंबडी आली नव्हती. तिसऱ्यांदाही तसंच झालं तर मला कामावरून कमी करणार होते. म्हणून मी चाळीस स्लाइड बनवल्या होत्या.

भाषण चालू असताना चाचा वक्त्याकडे कधीच बघत नसत. श्रोत्यांचे पाय बघत. “पाय चपला शोधाले लागनात म्हंजे भाषन सरनं,” असा त्यांचा हिशेब. माझ्या सातव्या स्लाइडवर पांढरीशुभ्र, गुबगुबीत कोंबडी होती. “ही तं नवापूरनी फार्मवाली शे, आमनी नही,” कोणीतरी म्हणालं. मी आठवी लावली. पाय हलू लागले.

चाचांनी दुसरा माइक उचलला. “मॅडम, जरा थांबा. मांगे आवाज पोची ऱ्हायना का देखस. काशीबाई, तुन्ह्या कोंबड्या कितल्या?”

“बारा व्हत्यात. सात मान मोडीसन मरी गयात.”

कोणी हसलं नाही. नववी स्लाइड लावणं मला बरं दिसेना. “मग उरलेल्या पाच का नाही आणल्या?” मी विचारलं.

“तू दुपारले बलावस! दुपारले कोंबडी कोनले सापडस, पोरी? दिन बुडना म्हंजे त्या आपसुक घर येतीस.”

दोन सभा मी बायकांना भर बाराला कोंबड्या आणायला सांगत होते, आणि कोंबड्या तेव्हा बांधावर चरत होत्या. मी लॅपटॉप मिटला आणि सगळ्यांना दिवस बुडाल्यावर यायला सांगितलं.

दिवेलागणीला टोपल्यांतून, पिशव्यांतून, पदराखालून कोंबड्या आल्या. एकीने मिटलेल्या लॅपटॉपवर बसून चाळीस स्लाइडांबद्दल आपलं मत देऊन टाकलं. चाचांचं काम दुपारीच संपलं होतं, तरी ते कोंबड्या धरून देत होते. लस संपली तेव्हा एक बाई कोंबडी घेऊन धावत आली.

“शुक्रवारले येसू मी, दिन बुडता,” मी तिला म्हणाले. कुठल्या भाषेत बोलले ते चाचांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“मी येवाव नही,” वायर गुंडाळत ते म्हणाले. “तुन्हा आवाज पुरस आते.”

ते खरंच आले नाहीत. दिवाळीनंतर कर्णे विकून लेकीकडे सुरतेला गेले, ते तिकडचेच झाले. त्या शुक्रवारी मी एसटीने गेले, लसीचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. दिवस मावळत होता, आणि ती बाई कोंबडी पदराखाली धरून स्टँडवरच उभी होती.