घोरणाऱ्याला उठवणारी व्हर्ना

व्हर्ना प्रुइटच्या सलूनमध्ये रबराचं एक डोकं आहे, केस कापायला शिकणाऱ्या मुली वापरतात तसलं. त्याच्या बंद नाकपुड्या व्हर्नाने तापलेल्या सुईने उघडल्या आहेत. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावातली कुठलीही मुलगी शाळेच्या नाचासाठी केस करायला आली, की ते डोकं तिच्या मांडीवर येतं. मान मागे, रिकाम्या फवाऱ्याची नळी नाकपुडीत पूर्ण आत, दाब. सराव झाला की नॅलोक्सोनचा, म्हणजे नशेच्या गोळीने बंद पडणारा श्वास परत आणणाऱ्या औषधाचा, खरा फवारा तिच्या पर्समध्ये जातो.

"लिपस्टिक विसरलीस तरी चालेल, हा विसरू नकोस," व्हर्ना प्रत्येकीला बजावते.

तिचा मुलगा वेड सतरा वर्षांचा होता. पाठ दुखते म्हणून त्याने मित्राकडची एक गोळी घेतली. दिसायला औषधाच्या दुकानातल्यासारखी, पण आत फेंटानिल, कणभरानेही श्वास थांबवणारं अमली औषध. वेड सोफ्यावर घोरत होता. व्हर्नाने टीव्हीचा आवाज कमी केला, त्याला पांघरूण घातलं आणि दार हळूच लोटलं. आमचं गाव पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर वाढलेलं. झोपलेल्या माणसाला इथे कोणी उठवत नाही. लहानपणापासून तेच शिकवतात. पण ते घोरणं नव्हतं. त्याचा श्वास कोंडत होता. वेड पुन्हा उठलाच नाही.

यंदाच्या नाचाच्या दिवशी दुपारी मी ड्रायरखाली बसले होते. शेजारच्या खुर्चीत हॅडली. तिचे अर्धे केस कुरळे झालेले, अर्धे ओले. तेवढ्यात तिच्या आईचा, लोरेटाचा फोन आला. लोरेटाला व्हर्नाने मागे फवारा देऊ केला होता. "आमच्या घरात असली मुलं नाहीत," म्हणून तिने तो परत केला होता.

हॅडली हसत म्हणाली, "आई म्हणते, फोटोला उशीर होईल. रॉइस कुस्तीच्या सरावाहून येऊन झोपलाय. ट्रॅक्टरसारखा घोरतोय म्हणे."

व्हर्नाचा कंगवा थांबला. "तुझा भाऊ एरवी घोरतो?"

"छे! कधीच नाही."

व्हर्नाने फोन हिसकावलाच. "लोरेटा, उठव त्याला!"

"अगं, दमलाय पोरगा. खांदा दुखत होता, कुणीतरी गोळी दिली, आत्ता कुठे डोळा लागलाय…"

"उठव म्हणते ना! थोबाडीत मार!"

पलीकडून आधी हाका ऐकू आल्या, मग किंकाळी. रॉइस उठत नव्हता. ओठ निळे पडले होते.

हॅडलीचं घर मागच्याच गल्लीत. फवारा ठेवलेली पर्स उचलून ती गळ्यातल्या कापडासकट धावली. मी अँब्युलन्सला फोन लावला. व्हर्नाचा गुडघा धावू देत नाही. ती फोन घट्ट धरून उभी राहिली. "लोरेटा, नंतर रड. मान मागे कर. नाक दाब, तोंडात श्वास भर. आणखी एक. थांबू नकोस, बाई."

मग फोनमधून दार आपटल्याचा आवाज आला आणि हॅडलीचे शब्द: "मान मागे… पूर्ण आत… दाबलं!"

आम्ही दोघी नुसत्या त्या फोनकडे बघत होतो. मग कुणीतरी खोकलं आणि एक घोगरा आवाज चिडून म्हणाला, "काय चाललंय?"

व्हर्नाने फोन खाली ठेवला.

संध्याकाळी मी तिला हॉस्पिटलात सोडलं. तिच्या पिशवीत केस कुरळे करायची इस्त्री आणि पिना. हॅडली म्हणाली, "मी नाही जात आता नाचाला." पलंगावरून रॉइस म्हणाला, "जा गं. नाहीतर जन्मभर मलाच ऐकवशील." व्हर्नाने तिथेच उरलेले केस केले. पिना हातात देत लोरेटाने हळूच विचारलं, "ते डोकं मलाही दाखवशील?"

"मंगळवारी ये. येताना शेजारणींनाही आण."

हॅडली गेली. रॉइसला डुलकी लागली आणि तो घोरायला लागला. नर्स म्हणाली, "काळजी नको, यंत्रावर सगळं ठीक दिसतंय. झोपलाय तो."

तरीही व्हर्नाने त्याचा दंड हलवला. "ए, ऊठ."

"झोपू द्या ना, मिस व्हर्ना!"

"झोप की. आधी माझ्याशी बोल, मग झोप."