पाच हजार वॉटचं बारसं

नंदिगड्ड्याच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावी अशी एक गोष्ट मी आज अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो: नातीच्या बारशासाठी मी एकट्यानं आमच्या अख्ख्या आळीची वीज बंद पाडली. तीही वादळवाऱ्याची मदत न घेता!

त्याचं असं झालं. खानापूरच्या आमच्या विहीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "थोरल्या नातवाचं नाव काय ठिवलं ते आमास्नी घरी गेल्यावर कळालं. ह्या खेपेला पार मांडवाच्या टोकाला ऐकू याला पायजे, पाव्हणं!"

मुलीकडच्यांच्या इज्जतीचा प्रश्न! मी तडक रामनगर गाठलं आणि माइकसकट स्पीकरचा जोड उचलून आणला. खोक्यावर वीतभर अक्षरांत छापलं होतं: ५००० वॉट.

"पाच हजार वाट," बायको म्हणाली, "आन् वायर करदोट्याएवढी?"

"तुला त्यातलं काय कळतंय?" (मलाही तेवढंच कळत होतं, पण खोकं माझ्या हातात होतं.)

मग रात्रभर मला झोप नाही. एक पंप चालू झाला की आमच्याकडे बल्ब मिणमिणतो. पाच हजार वॉट ओढले तर ट्रान्सफॉर्मरच उडेल! बारशाच्या सकाळी मी घरोघर फिरलो. पंप बंद, फ्रिज बंद, टीव्ही बंद! गिरणीवाला अण्णा तेवढा ऐकेना.

"लोकांचं दळान पडलंय हितं!"

"अण्णा, नात माझी हाय, पण ट्रान्सफॉर्मर सगळ्यांचा हाय!"

गिरणी थांबली. मांडवातले पंखे तर मी स्वतःच्या हातानं बंद केले. भर वैशाखात पाहुणे पत्रावळींनी वारा घेऊ लागले.

मुहूर्त आला. बाळाच्या आत्यानं पाळण्यात वाकून कानात 'कुर्रर्र' केलं, मी माइक तिच्या तोंडाशी धरला, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले... आणि स्पीकरमधून घागरीत भुंगा अडकावा तसा आवाज निघाला. बुक्के त्याहून मोठ्यानं वाजले!

"मोठा करा की, अवो!" बायको दात-ओठ खात कुजबुजली.

"हाय तेवढा केलाय!"

जावयानं स्पीकर उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. "मामा, खोक्यावरचा आकडा पीएमपीओ हाय. पापणी लवंस्तोवर जेवढा जोर निघंल, तेवढा. त्योबी कागदावर! सतत वाजायचा खरा जोर म्हंजे आरएमएस. त्यो हितं लिवलाय, धा."

"धा हजार?" मी आशेनं विचारलं.

"नुस्तं धा! पडवीतला बल्बबी तेवढं खातोय."

मी माइक हातात धरून उभा, चेहऱ्यावर उसनं हसू. एवढ्यात मांडवाच्या पार टोकाला घामानं निथळत बसलेल्या विहीणबाई उठल्या आणि कसल्याही माइकशिवाय साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात कडाडल्या:

"अवो पाव्हणं, करंट कवा यायचा तवा येऊ दे! तोंडानं तरी नाव ठिवून टाका की!"