आबांची अळणी

माझे वडील बंकट यांच्या हातचा रस्सा खाल्ला की माणूस आधी नाक पुसायचा आणि मग वाटी पुढं करायचा. वडवणीच्या आसपास दहा-बारा गावांत कुणाची कंदुरी असली, म्हणजे नवस फेडायला बोकड कापून गावजेवण घालायचं असलं, की चुलाणावर आबाच. काळा मसाला मुठीनं, तिखट ओंजळीनं आणि जाळ असा की जवळ उभं राहवत नसे. चव बघायला त्यांना चमचा लागत नव्हता. नुसत्या वासावर सांगायचे, "आजून दोन उकळ्या."

घरातली चूल मात्र त्यांनी कधी पेटवली नव्हती. घरी ते मेंढरांमागं. चूल, पाणी, शेण, कोकरं, सगळं मायकडं. माझी माय सुंदरबाई. एकतीस वर्षं तिनं त्यांना ताट वाढलं आणि त्यांनी ते खाल्लं, यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

तीन वर्षांखाली, कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्या एडक्यानं मायला ढुशी दिली. ती कोकरू बांधायला वाकली होती. मागून धडक बसली आणि तिची हनुवटी मेंढरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर आपटली. जबडा दोन ठिकाणी मोडला. आबांनी तिला जीपमध्ये घालून अंबाजोगाईला नेलं. तिथं ऑपरेशन झालं आणि वरचे दात खालच्या दातांना बारीक तारेनं बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. जे काही पोटात जाईल, ते गालाच्या आतून, नळीनं.

मी तेव्हा दिंद्रुडला, सासरी होते. पहिलटकरीण, आठवा संपत आलेला. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलेलं. फोनवर मी रडायचे आणि आबा म्हणायचे, "रडू नको सुकन्या. मी हाय की."

आठ दिवसांनी माय घरी आली. दूध, वरणाचं पाणी, केळं घोटून. तेवढ्यावर तिचं अंग उतरायला लागलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. तपासणीला गेल्यावर वॉर्डातल्या सिस्टरनं वजन केलं आणि आबांना म्हणाली, "मामा, यांना ताकदीचं काहीतरी द्या. चिकनचं पाणी द्या."

आबांना वाटलं, हे तर आपल्या हातचंच काम. घरी येऊन त्यांनी कोंबडी कापली, नेहमीसारखा रस्सा केला, फडक्यातून गाळला आणि नळीनं मायच्या तोंडात सोडला. तोंडात टाके होते. माय अंथरुणातून उठून बसली, दोन्ही हातांनी तोंड धरलं. ओरडायलाही येत नव्हतं. डोळ्यांतून नुसत्या धारा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसाला वगळला, पण जाळ तोच ठेवला. तासभर धडधडा उकळलं. पाणी गढूळ झालं, वर काळपट फेस, मांसाची दोरखंडं झाली. मायनं नळीला हातानंच मागं सारलं.

तेव्हा आबांनी सिस्टरला फोन लावला. हा फोन मला त्यांनी इतक्या वेळा जसाच्या तसा सांगितला आहे की तो मी स्वतःच ऐकल्यासारखा वाटतो.

"मामा, तुम्ही चिकन कसं शिजवता?"

"जाळ घालून."

"किती जाळ?"

"आसंल तेवढा."

सिस्टर हसली म्हणे. मग म्हणाली, "ऐका. म्हातारी कोंबडी घेऊ नका, तलंग घ्या."

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. आबांनी तिकडून हुंकार भरला.

"तुकडे हाडासकट ठेवा. गार पाण्यात घाला, उकळत्या नाही. पाणी तुकड्यांच्या वर दोन बोटं. अख्खा कांदा, सात-आठ लसणाच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा ठेचून, चिमूटभर हळद, थोडं मीठ. बस. उकळी आली की फेस येईल. तो सगळा काढून टाका, कंटाळू नका. मग जाळ मागं ओढा. मामा, पाण्यानं उड्या मारायच्या नाहीत. नुसतं गुणगुणायचं."

"किती येळ?"

"झाकण ठेवून अर्धा तास, तलंग गावरान असेल तर तासाला थोडं कमी. मांडीला हाडापर्यंत सुरी टोचून बघा. लाल पाणी आलं तर अजून शिजायचंय. पांढरं आलं की उतरवा. तुकडे बाहेर काढा, निवू द्या, मांस हाडांवरून हातानं सोडवा, थोड्या त्याच पाण्यात अगदी बारीक वाटा आणि गाळून द्या. उरलं तर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणूनच द्यायचं."

फ्रीज आमच्याकडं नव्हता, शेजारच्या सुग्रीव काकांकडं होता. त्या दिवशी सकाळी लाइट नव्हती म्हणून मिक्सरही नव्हता. आबांनी पाटा धुतला, वरवंटा धुतला आणि मांडी घालून मांस वाटायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा. बोट चेचलं, पण थांबले नाहीत. पंच्याच्या धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळलं. पिवळसर, नितळ, वर तुपाचे थेंब असावेत तसे बारीक थेंब.

मायनं घोट घेतला. थांबली. मग स्वतःच वाटी ओढून घेतली आणि सगळी संपवली.

दात बांधलेले असले तरी ओठ हलायचे. त्या फटीतून ती मधमाशी बोलावी तशी बोलायची, आणि आबांना कान तिच्या तोंडापाशी न्यावा लागायचा. ती म्हणाली, "लई ग्वाड लागतंय."

आबा खूश झाले. म्हणाले, "आता तोंड सुटू दे, मग तुला आसला रस्सा करून घालतो…"

मायनं मान हलवली. "नको. तुमचा रस्सा मला कदीच झेपला न्हाई. पाणी घालून खायची मी. न्हाईतर भाकर नुसती मिठाला लावून."

आबा उठले आणि मेंढरांकडं गेले. मेंढरं कोंडायच्या वाड्याचं कुंपण धडधाकट होतं, तरी संध्याकाळपर्यंत तेच दुरुस्त करत बसले. दिवे लागायच्या वेळेला आत आले आणि मायच्या अंथरुणाजवळ उकिडवे बसले.

"एकतीस वर्सं झाली. कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी कदी इचारलं?"

हे सगळं मला मायनं नंतर सांगितलं. सांगताना तिला राग नव्हता. ती एवढंच म्हणाली, "पण त्या दिसापासून इचारायला लागलं बग. मीठ बराबर हाय का, गरम जास्ती हाय का, आजून पायजे का. मला तर लाजल्यावानी व्हायचं."

मी बाळंत झाले, मुलगी झाली, आरोही. रिवाजाप्रमाणं बाळंतीण माहेरी यायची, पण आमच्या माहेराचं तोंड तारेनं बांधलेलं. दवाखान्यातून सोडायच्या दिवशी आबा घ्यायला आले. माझ्या सासूबाई, केशरबाई, मोकळ्या मनाच्या पण स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पाव्हणं, विहीणबाईलाच दुसऱ्यानं भरवायची येळ. बाळंतिणीचं कोण करणार?"

"मी करणार."

"तुमी? तुमी तिला कंदुरीचा रस्सा पाजताल!"

सगळे हसले. आबाही हसले, आणि मग पिशवीतून एक थर्मास काढला. सकाळी सहाच्या गाडीनं निघायच्या आधी त्यांनी उकडलेल्या कोंबडीचं पाणी. झाकणात ओतून सासूबाईंपुढं धरलं. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "घिऊन जा."

पुढचे चाळीस दिवस मी माझ्या बापाच्या हातचं खाल्लं. बाळाला आणि मला न्हाऊ घालायला सुग्रीव काकांच्या घरची काकू यायची. चूल आबांची. त्यांची एक रीतच बसून गेली होती. दिवसाआड सकाळी एक तलंग, एकच पातेलं. पहिली वाटी मायला, वाटून गाळलेली. दुसरी मला, आणि त्यात हातानं सोडवलेलं मांस, वर चमचाभर साजूक तूप, ज्वारीची मऊ भाकर कुस्करून. दुपारी उरलेल्या पाण्यात तांदूळ आणि मूठभर मुगाची डाळ टाकून मऊ, पातळसर आसट भात. दुसऱ्या दिवशी सकाळी, फ्रीजमधून आणून पुन्हा उकळलेलं, त्यात जिऱ्याची फोडणी आणि थोडी मेथीची पानं. एकदा उकडलं की दोन दिवसांची सोय व्हायची, आणि त्यांना दुपारी मेंढरं घेऊन रानात जाता यायचं.

मी पहिल्या दिवशी ताटावर बसले आणि रडायलाच लागले. लहानपणी माझे वडील मला जेवताना दिसले होते, जेवू घालताना नाही. ते समोर बसून विचारत होते, "मीठ कमी झालं का?" मी म्हणाले, "न्हाई आबा. बराबर हाय." त्यांना वाटलं मी तिखट नाही म्हणून रडतेय. लोणच्याची बरणी घेऊन आले, आणि मायनं तारेच्या फटीतून त्यांना रागावून ती परत ठेवायला लावली.

गावात चर्चा झाली. पाट्यावर वाटण वाटणारा बंकट बघायला लोक कुंपणावरून डोकावायचे. एक दिवस सुग्रीव काकाच आले.

"काय बे बंकट, रस्सा सोडून पाणी पाजाया लागला म्हनं?"

"चाखून बघ बे."

काकांनी वाटी तोंडाला लावली. त्यांच्या दोन दाढा त्याच आठवड्यात काढलेल्या, गाल सुजलेला. वाटी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "आजून हाय का?"

या पाण्याला आमच्याकडं अळणी म्हणतात. मीठ असतं, तरी अळणीच, कारण मसाला नसतो. आधी हे नाव आबा तोंड वाकडं करून घ्यायचे. आता कंदुरीला बोलवणं आलं की ते यजमानाला आधीच सांगतात, अर्धं मांस मसाल्याच्या आधी वेगळं काढीन, म्हातारी माणसं, लेकरं आणि ज्या बायांना तिखट झेपत नाही त्यांच्यासाठी. पहिल्या वर्षी एकदोघांनी कुरकुर केली. पण पहिल्याच कंदुरीला अळणीचं पातेलं आधी रिकामं झालं. बायांनी रांग लावली होती. आबा घरी आल्यावर मायला म्हणाले, "तू एकटीच न्हवतीस."

एक सांगायचं राहिलंच. सहा आठवड्यांनी तार काढायला आबा आणि माय अंबाजोगाईला गेले. तार निघाली. तोंड दोन बोटंच उघडत होतं, पण उघडत होतं. आबांनी डब्यातून एका धाग्याएवढं मऊ मांस काढून तिच्या जिभेवर ठेवलं. ती ते फार वेळ चावत बसली. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू सगळं."

मग आबा वॉर्डात सिस्टरला शोधत गेले. काखेत पिशवी, पिशवीतून एका तलंगीचं डोकं बाहेर. सिस्टर दिसल्यावर त्यांनी पिशवीच पुढं केली. "बाई, तुमच्यामुळं दोन जिवांना खाऊ घालता आलं. ही घरची हाय."

सिस्टरनं हात जोडले. गळ्यातली तुळशीची माळ दाखवली. "मामा, मी माळकरी आहे. अंडंसुद्धा खात नाही हो."

आबांनी पिशवी परत काखेत घेतली. "मग तुमाला हे समदं कुणी शिकवलं?"

"पेशंटच्या माणसांनी. बावीस वर्षं झाली या वॉर्डात. एक मावशी म्हणाली, गार पाण्यात घालायचं. एक चाचा म्हणाले, जाळ मागं ओढायचा. कुणी फेस काढायचं सांगितलं. मी ऐकत गेले आणि पुढच्याला सांगत गेले. चव कशी लागते ते मला अजून माहीत नाही. चांगली लागते ना?"

मायनंच पुढं होऊन, नुकत्या सुटलेल्या तोंडानं, सावकाश सांगितलं, "लई चांगली लागती, बाई."

कोंबडी घेऊन दोघं खाली आले. फाटकाशी एका बाईनं आबांना हटकलं. नवरा वरच्या वॉर्डात, अंगात त्राण नाही, डॉक्टरांनी ताकदीचं द्या म्हटलंय, मागं खोली घेऊन राहतेय, कोंबडी विकायची आहे का? आबांनी पिशवी तिच्या हातात दिली. पैशाचं नाव काढू दिलं नाही. मग म्हणाले, "पण बाई, कशी शिजवणार ते सांग बरं मला."

"चांगला जाळ घालीन की, भाऊ."

आबा तिथंच कट्ट्यावर बसले आणि गार पाण्यापासून सुरुवात केली. माय शेजारी बसून ऐकत होती, मधेच "फेस, फेस सांगा" म्हणत होती. वडवणीची गाडी समोरून निघून गेली तेव्हा ते नुकतेच आल्याच्या तुकड्यापर्यंत पोचले होते.