गोळीला वाफसा

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे नानांनी, ठिबकच्या नळ्यांवर आणून सोडली नाही अशी गोष्ट या जगात नाही. फैजपूरला त्यांची केळी आहे, आणि माणूस म्हणजे नळ्या अंथरलेलं वावर, यावर त्यांची अढळ श्रद्धा. जावयाला ताप आला तेव्हा "फिल्टर तुंबेल हाये" म्हणून नानांनी त्याला दोन दिवस नुसत्या ताकावर ठेवलं होतं. आत्याच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा काढायचा ठरला, तर जळगावच्या डॉक्टरीणबाईंनाच त्यांनी अडवलं. "बाई, माती तपासाले आम्ही चार कोपऱ्यांची अन् मधली माती घेतो. तुम्ही एकच चिमूट घेता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे नाना. गाठ सगळीकडे सारखी नसते. पण सुई किती वेळा टोचणार?"

अहवाल आला. पेशींना 'वाढत राहा' असा निरोप देणारं बटण चालूच अडकलं होतं, आणि नेमकं तेच बंद करणारी गोळी मिळत होती. रोज एक. नाना खुर्चीत पुढे सरकले. "व्हॉल्व अडकला, समजलं. पण हा बंद केल्यावर पाणी दुसऱ्या नळीनं गेलं तं?"

"बऱ्याचदा जातं," बाई म्हणाल्या. "म्हणून दर तीन महिन्यांनी स्कॅन. नवी वाट सापडली की तिच्यावरची गोळी शोधायची."

आत्याचा खोकला थांबला. पहिला स्कॅन छान आला. दुसऱ्यासाठी तिला न्यायला मी गेलो आणि सहज गोळ्यांचा डबा उघडला. एव्हाना संपत यायला हव्या होत्या, तर निम्म्या गोळ्या शिल्लक.

"वाफसा नको का? मधी माती सुकू द्या लागते," नाना शांतपणे म्हणाले. "रोज पाणी देल्लं का मुळं कुजता. एक दिवस आड देतो."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. "नाना, मारायला निघालात का तिला?" उत्तर आत्यानं दिलं. "त्यायले काही बोलू नको. गोळीनं माह्यं तोंड येते, पाणीबी गियवत नाही. त्यायच्यानं पाह्यलं गेलं नाही."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"बाईंनी गोळीच बंद केली असती तं?" नाना म्हणाले. मी दोघांना गाडीत बसवलं आणि जळगावला स्कॅनला नेलं.

गाठ थोडी वाढली होती. गोळ्या चुकल्यामुळे, की नवी वाट फुटल्यामुळे, ते बाईंनाही सांगता येईना. तोंड येण्यावर औषध होतं, सोसत नसेल तर गोळीची मात्राही कमी करता आली असती. फक्त विचारायला हवं होतं. नाना मान खाली घालून ऐकत होते. पुन्हा तुकडा काढला, आणि अहवाल येईपर्यंत हीच गोळी रोज द्यायला सांगितली.

अहवाल अजून आलेला नाही. रोज सकाळी आठला नानांचा फोन येतो. "देल्ली गोळी," एवढंच म्हणतात. मी "बरं" म्हणतो. त्या दिवशीच्या ओरडण्याची माफी मागायची असते, पण तोवर त्यांनी फोन ठेवलेला असतो.