खंडेनवमीचं मशीन आणि खेकसेमास्तर

खेकसेमास्तर कोणाशी सरळ बोलल्याचं मला आठवत नाही. खरं आडनाव वेगळंच, पण सतत खेकसायचे म्हणून हे पडलं. नमस्कार केला तरी अंगावर यायचे, "काय आहे? बोल!" इकडे उत्तरेत आमच्या ब्रह्मा घाटावरची निम्मी मराठी मंडळी त्यांना लांबून पाहूनच गल्ली बदलायची.

मी विद्यापीठाच्या बागेत कंत्राटी नोकर. बसून चालवायचं गवत कापायचं मशीन माझ्या ताब्यात, आणि ते चार वर्षं शेडमध्ये पडून. नवे साहेब आले नि म्हणाले, शनिवारपर्यंत सुरू झालं तर तुला पक्कं करू, नाही तर तुम्ही दोघंही भंगारात. मास्तर इंजिनं शिकवूनच रिटायर झालेले. नाक मुठीत धरून गेलो त्यांच्याकडे.

मास्तरांनी टाकीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे पेट्रोल आहे? सडलेलं वार्निश आहे हे!" मी किल्ली फिरवायला गेलो, तर हातावर फटका. मला, बेचाळीस वर्षांच्या बाप्याला! "आधी सफाई, मग किल्ली." दोन दिवस हेच पालुपद. टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, प्लग, बॅटरी, तेल सगळं नवं. चहा विचारला तर म्हणाले, "मी चहा मागितला का तुला?" असल्या माणसाशी बोलायचं तरी काय, सांगा!

मग त्यांनी इंजिनावरचं झाकण काढलं. आत उंदरांचं घरटं. वाळका झेंडू, तांदूळ, कुंकू, कुरतडलेली वायर. चारही वर्षं खंडेनवमीला मी मशीनची पूजा केली होती, हार घालून अक्षता वाहिल्या होत्या. किल्ली मात्र एकदाही फिरवली नव्हती.

"हळदकुंकू लावायला फुरसत होती, चालवून बघायला नव्हती?" मास्तर ओरडले. "जित्या इंजिनाचं तेरावं घातलंस रे!"

शनिवारी इंजिन दोनदा खोकलं, निळा धूर ओकलं आणि धडधडत सुरू झालं. मला नाचावंसं वाटलं. साहेबही खूश. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्टर साहब, अब इसे यही चलाए न?" मी मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो. नुसतं हो म्हणायला त्यांचं काय जात होतं?

"इसको छोडकर किसी को भी दीजिए," मास्तर म्हणाले, आणि घरट्याची सगळी हकीकत सांगून मोकळे झाले. माझी नोकरी त्याच दिवशी गेली. मेल्याचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवलं.

गेल्या माघात मास्तर गेले. शोकसभेला मी गेलो ते मनातलं ओकायलाच. जो तो उठून सांगत होता, फार गोड स्वभाव, कधी कोणाला दुखावलं नाही. ऐकून अंगाचा तिळपापड झाला. माझी पाळी आली तेव्हा शिव्या अगदी ओठांवर होत्या.

"हा माणूस कोणाला बरं वाटावं म्हणून कधी खोटं बोलला नाही," मी म्हणालो. "माझ्याबद्दल बोलला, तेही खरंच होतं."